दसरूभाऊंनी आंबा खाल्ला नाही

ब्रह्मपुरीला जायचं ठरलं ते एका बिघडलेल्या टेपरेकॉर्डरमुळे. वरोऱ्यातलं माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आता नावापुरतं उरलंय. लोकांच्या हातात मोबाइल आले, आणि माझ्या फळीवरचे रेडिओ म्हाताऱ्या बैलांसारखे नुसते उभे आहेत. तरी मी रोज शटर उघडतो. घरी बसलं की माणसाला गंज चढतो.

तर मार्चच्या शेवटी एक प्राध्यापक टेप घेऊन आले. मूळचे आमच्याच गावचे, ब्रह्मपुरीकडच्या एका कॉलेजात शिकवतात. कॉलेजचं नाव लिहीत नाही, सरांचंही नाही. माझं भांडण जे घडलं त्याच्याशी आहे, पाटीशी नाही. टेपचं डोकं पुसता पुसता गप्पा निघाल्या. सर म्हणाले, "चाचा, नागपूरला शिकणारे परदेशी विद्यार्थी आमच्याकडे येत आहेत. आफ्रिकेतले, नेपाळचे, दोघी जर्मनीच्या. 'जंगल आणि माणूस' यावर दिवसभर चर्चा ठेवली आहे. तुमची घोटकडच्या गावांत ओळख आहे ना? एखादा अस्सल माणूस आणून द्या."

अस्सल म्हणे! मधाची बाटली आहे का तूप आहे, की बोटावर घेऊन वास पाहायचा? तिथंच मला ठेच लागायला हवी होती. पण मी हुरळलो. परदेशी पोरं येणार, आमच्या भागातलं कोणी त्यांच्याशी बोलणार, याचाच मला आनंद. मेंढी हुरळली आणि लांडग्यामागे गेली, तसं माझं झालं.

माझ्या डोक्यात नाव एकच आलं, दसरूभाऊ. तीस वर्षं मी लोखंडी पेटी घेऊन चामोर्शी, घोट, मूल असे आठवडी बाजार केले. झाडाखाली पोतं टाकायचं, स्टोव्हवर कैयाची, म्हणजे डाग द्यायची, सळई तापवायची, रेडिओ जोडून द्यायचे. दसरूभाऊंचा रेडिओ दर पावसाळ्यात मुका व्हायचा आणि दर दिवाळीत माझ्याकडे यायचा. तिथून दोस्ती. ते त्यांच्या गावचे गायता आहेत. म्हणजे गावाची पूजा त्यांच्या हातची, पेरणीपासून नव्या फळापर्यंत. गावाचं नाव लिहू का, असं मी त्यांना विचारलं होतं. म्हणाले, "माहं लिही, गावाचं नोको." म्हणून लिहीत नाही.

शनिवारी पहाटेची नमाज झाली की निघालो. जोहराने, म्हणजे माझ्या बायकोने, डब्यात पराठे आणि कांदा बांधून दिला. "तीन दिन बोले हो, तीनच दिन," असं दारातून दोनदा बजावलं. वरोऱ्याहून चंद्रपूर, चंद्रपूरहून मूल, तिथून चामोर्शी. तुम्ही जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: एप्रिलात अकराच्या आत जितकं अंतर कापाल तेवढंच तुमचं. नंतर एसटीची खिडकी तव्यासारखी तापते. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, आणि पाण्याला कापडी छागल. प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी मूल येईस्तोवर चहाला आणून ठेवल्यासारखं होतं. मूलच्या स्टँडवर आलूबोंडा खा, वर तर्री मागून घ्या. पैसे फार लागत नाहीत, घाम मात्र निघतो.

मूल सोडलं की दोन्ही बाजूंना जंगल अंगावर येतं. मोहाची फुलं पडून संपत आली होती. झाडांखालची जमीन बायांनी झाडून अंगणासारखी केलेली. वैनगंगेवर बस चढली तेव्हा खाली रेतीत टरबुजांच्या वाड्या दिसल्या, आणि मधून नदी अशी बारीक, जशी आजारपणातून उठलेली. चामोर्शीला उतरून घोटची जीप धरली. जीपमध्ये माणसं किती बसतात हे ड्रायव्हरलाच विचारावं. मी पाय आत ठेवून बाकीचा बाहेरच होतो. पुढे तासभर पायी.

दसरूभाऊंच्या घरासमोर आंब्याचं मोठं झाड आहे. कैऱ्यांनी वाकलेलं. खाली वाऱ्याने पडलेल्या कैऱ्या विखुरलेल्या, आणि शेजारी चार-पाच लेकरं गोट्या खेळत होती. एकाचाही हात कैरीकडे जात नव्हता. एक गोटी घरंगळत कैरीला जाऊन टेकली, तर पोरीने गोटी उचलली आणि कैरी तशीच राहू दिली. वरोऱ्यात असतं तर झाडाला पानही उरलं नसतं. कारण मला माहीत होतं. मरका पंडुम अजून व्हायचं होतं. मरका म्हणजे आंबा, पंडुम म्हणजे सण. गावाने आधी आपल्या देवाला, आपल्या वाडवडिलांना नवा आंबा द्यायचा, मग गायता तोंडात घालणार, मग सगळं गाव. तोवर कोणी शिवत नाही. गायता तर नाहीच नाही.

"जोहार, भाऊ. रेडिओ तर चांगला हाय," दसरूभाऊ खाटेवरून म्हणाले. "काऊन आला?"

मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली, मग एकच विचारलं, "तिथी बोलाचं का आयकाचं?"

"दोन्ही."

"मग येतो. मले बी त्यायले एक इचाराचं हाय."

"काय?"

"त्यायच्या मुलखात जंगल कोनाचं हाय म्हनते ते." थोडं थांबून म्हणाले, "पन शुक्रवारी मरका पंडुम हाय. त्याच्या आधी मले इथी पाह्यजे. आनून सोडजो."

मी डोक्यावर हात ठेवून कबूल केलं. ही जबाबदारी माझी होती, हे मला पुढे फार आठवायचं होतं.

रविवारी दिवसभर प्रवास. चामोर्शी, गडचिरोली, आरमोरी, आणि पुन्हा एकदा वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरी. धानाचा मुलूख, कापणी झालेल्या बांध्या उन्हात तडकलेल्या. कॉलेजने आम्हाला वसतिगृहातली खोली दिली. जेवायला भात, लाखोरीचं वरण आणि वांग्याची भाजी. जेवण चांगलं होतं, ते मी नाकारत नाही. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या मिठाला नावं ठेवू नयेत. मी नावं ठेवतोय ती पुढच्या दिवसाला.

सोमवारी सकाळी हॉल भरला. मागे मोठा कापडी फलक, त्यावर वाघ, धबधबा आणि नाचणाऱ्या बाया. आमच्या भागात धबधबा कुठला म्हणता? पण असो. वीस-बावीस परदेशी मुलं-मुली आली होती, कपाळाला कुंकू लावून, डोक्याला फेटे बांधून. भाबडी पोरं, प्रवासाने दमलेली, तरी हसतमुख. माझा त्यांच्यावर एका पैचाही राग नाही.

दसरूभाऊंनी ठेवणीतला पांढरा सदरा घातला होता. कार्यक्रमातला एक माणूस हातात मोरपिसांचा मुकुट घेऊन आला. आमच्या झाडीपट्टीत नाटकमंडळ्या पुष्कळ, त्यांच्यातल्याच कोणाकडून भाड्याने आणलेला. राजाच्या वेशाचा मुकुट, आतून अजून पावडरीचा वास येत होता.

"हा कोनाचा?" दसरूभाऊंनी विचारलं.

"तुमचाच, घाला ना."

"माहा नाई," दसरूभाऊ म्हणाले. त्यांनी मुकुट दोन्ही हातांनी घेतला, शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर नीट ठेवला आणि त्याच्या बाजूला बसले. दिवसभर मुकुट पाहुण्यासारखा तिथंच बसून होता. मला हसू आलं. तेवढं एकदाच आलं.

मग उद्घाटन. दिवा लावायचा नव्हता. सर माइकवर इंग्रजीत म्हणाले (माझं इंग्रजी रेडिओच्या पुस्तकांवरून आणि रात्री लागणाऱ्या बातम्यांवरून शिकलेलं, पण समजतं), की या जंगलात एक सुंदर प्रथा आहे. नवा आंबा आला की गावचा पुजारी तो सर्वांत आधी खातो, आणि मगच बाकीचे. आज आपले पुजारी आपल्यासमोर पहिला घास घेऊन चर्चेचं उद्घाटन करतील. आणि ताटात, रेशमी रुमालावर, एक हिरवीगार कैरी पुढे आली.

अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच. सरांनी पुस्तकात वाचलं होतं की गायता आधी खातो. हे वाचलं नव्हतं, की तो त्याच्या गावात, देवाला दिल्यावर, गावासमोर, त्याच दिवशी खातो. त्याआधी खाल्ला तर त्या साली पंडुम त्याच्या हाताने होत नाही. पूर्ण अडाण्याने ही चूक केली नसती. त्याने "घ्या, काही खाता का" विचारलं असतं आणि नाही म्हटल्यावर सोडलं असतं. ही चूक करायला थोडं शिकलेलं असावं लागतं.

दसरूभाऊंनी कैरी हातात घेतली, कारण हातात दिलेली वस्तू टाकणं बरं नाही. मग ताटात परत ठेवली. "नाई."

सर हसले. माइकवर म्हणाले, "ही इज शाय." लाजतात म्हणे! सत्तरीचा माणूस, अख्ख्या गावाचा देव ज्याच्या भरवशावर आहे, तो लाजतो!

मी उठून उभा राहिलो. "सर, त्यांना नको आहे. त्यांचा सण शुक्रवारी आहे. आज चालत नाही."

"चाचा, प्लीज बसा. पाहुणे बघत आहेत. हे प्रतीकात्मक आहे."

"प्रतीकाला दात नसतात सर, माणसाला असतात."

इतक्यात पेपरचा फोटोग्राफर पुढे आला. "बाबा, खाऊ नका. फक्त तोंडाजवळ न्या. एक फोटो." कैरी दसरूभाऊंच्या हातात कोंबली, मनगट धरलं आणि वर उचललं. चमक झाली. दसरूभाऊंनी मान मागे घेतली, पण फोटो निघाला होता. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता.

रमजानात दुपारी चार वाजता कोणी माझं मनगट धरून खजूर ओठाला लावला असता तर? कोणाची हिंमत होत नाही. कारण आमचा उपास लोकांना कॅलेंडरवर दिसतो. दसरूभाऊंचा दिसत नाही, एवढाच फरक.

तेव्हा तिसऱ्या रांगेतून एक उंच, काळासावळा मुलगा उठला. क्वामे त्याचं नाव, घाना देशाचा, नागपुरात दोन वर्षं शिकत होता आणि मेसवाल्याकडून हिंदी उचलली होती. माइक नाही, काही नाही, सरळ दसरूभाऊंसमोर येऊन खाली बसला.

"दादा, आप अभी नहीं खा सकते ना?"

दसरूभाऊंनी मान हलवली.

"मेरा नाना के गाँव में भी। नया याम।" सुरणासारखा कंद असतो म्हणे. "जब तक बड़ा पूजा नहीं, कोई नहीं खाता। नाना सबसे आखिर तक रुकता है।"

दसरूभाऊंचा चेहरा असा उजळला, जसा सेल बदलल्यावर रेडिओचा दिवा. "तुह्या नानाले कोन म्हनते? गायता?"

क्वामेने आपल्या भाषेतला शब्द सांगितला. दसरूभाऊंनी तो दोनदा म्हणून पाहिला, चुकला, दोघंही हसले.

"आन् कोनी आधी खाल्लं त?"

"मुर्गा देना पड़ता है।"

"आमच्याकडं बी कोंबडा!" दसरूभाऊंनी मांडीवर थाप मारली. "भाऊ, आयकलं का? तिथी बी कोंबडाच!"

चर्चा म्हणतात ती हीच होती बघा, त्या दिवसातली एकमेव. पाच मिनिटं चालली. घानाचा मुलगा आणि घोटकडचा म्हातारा, मेसवाल्याच्या हिंदीत. मग सरांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, विषयाकडे वळू या.

विषयाकडे वळले तेव्हा दसरूभाऊंना बोलायला लावलं. ते मन लावून बोलले: कोणत्या रांजीतला, म्हणजे बेटातला, बांबू कोणत्या वर्षी तोडायचा हे गाव कसं ठरवतं, कोवळा कोंब कोणी मोडला तर काय होतं, टेंभुर्णी तोडताना फांदी का ओरबाडत नाहीत. सरांनी इंग्रजी केलं: "ही सेज, वी वर्शिप नेचर." झालं! अख्ख्या रांजीची काडी केली. मग दसरूभाऊ म्हणाले, "आता मले इचाराचं हाय. तुमच्या मुलखात जंगल कोनाचं हाय?" सर म्हणाले वेळ संपला, जेवण थंड होतंय.

क्वामेने ताटावर बसल्या बसल्या उत्तर दिलं ते वेगळं. "दादा, कागज में सरकार का। नाना बोलता है, नाना का।" दसरूभाऊ भात कालवता कालवता म्हणाले, "तसंच हाय मंग." एवढ्यासाठी आलेले, एवढं मिळालं त्यांना.

मंगळवारी सकाळी स्टँडवर चहा घेताना पेपर हाती आला. आतल्या पानावर दसरूभाऊंचा फोटो. हातात कैरी, कैरी तोंडाशी, डोळे मिटलेले. खाली ओळ: नव्या आंब्याचा पहिला घास घेताना आदिवासी पुजारी.

दसरूभाऊंना वाचता येत नाही. मला येतं, आणि त्या क्षणी वाटलं येत नसतं तर बरं झालं असतं. पण वाचून दाखवलं. लपवणं म्हणजे दुसऱ्यांदा मनगट धरणं झालं असतं.

त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "हा पेपर घोटले येते का?"

"येतो."

"मंग गावात बी गेला असन. मास्तर आनते." त्यांनी चहा अर्धा टाकला. "भाऊ, आता मी पंडुम कसा करू?"

मी त्यांना स्टँडवर बसवलं आणि रिक्षा करून सरांच्या घरी गेलो. सर बनियनवर होते, खुशीत होते, पेपर त्यांच्याही हातात होता. मी म्हटलं, उद्याच्या पेपरात छापा की त्यांनी खाल्ला नाही.

"चाचा, एवढं काय? फोटो किती छान आलाय. उलट त्यांच्या समाजाचं नाव झालं."

"सर, ते खोटं आहे."

"खोटं कसं? तोंडाजवळ तर आहे. कोणाला काय कळतंय?"

"गावाला कळतंय."

"गाव पेपर वाचतं का?" सर हसले. मग माझं तोंड पाहून म्हणाले, "बरं, बोलतो मी पेपरवाल्यांशी." आणि मला पोहे खाऊन जा म्हणाले. मी पोहे नाही खाल्ले. आयुष्यात अन्नाला पाठ दाखवली ती दोनदाच, त्यातली ही एक. आज हे लिहीपर्यंत त्या पेपरात एक ओळ आलेली नाही.

दसरूभाऊंना गडचिरोलीच्या बसमध्ये बसवून त्याच दिवशी घरी निघायचा माझा बेत होता, नागभीड-चिमूर मार्गे सरळ वरोरा. पण मी आणायला गेलो होतो, तर सोडायलाही मीच जायला हवं होतं. जोहराला फोन लावला. "तीन दिन," ती म्हणाली. मी म्हटलं, "मेरी वजह से एक आदमी झूठा पड़ रहा है." ती म्हणाली, "फिर जाओ, पानी पीते रहना." अशी आहे ती.

अंधार पडता पडता गावात पोचलो. पेपर आमच्या आधी पोचला होता. कोणी रागावलं नाही, कोणी काही विचारलंही नाही. पण रोज जी बाई दसरूभाऊंना वाटेत "आला का रे" म्हणते, ती नुसती बाजूला झाली.

बुधवारी सकाळी गाव गोटुलात बसलं. गोटुल म्हणजे गावाचा सामायिक मांडव, सभा तिथंच होते. मध्ये पेपर ठेवला, वर दगड, वाऱ्याने उडू नये म्हणून. सगळ्यात म्हाताऱ्या बाईने माझ्याकडे पाहिलं.

"तू तिथी होता?"

"होतो."

"यानं खाल्ला का?"

"नाही. माझ्या डोळ्यांसमोर नाही म्हटलं. दुसऱ्याने हात धरून वर नेला."

"मंग हा कागद खोटा काऊन बोलते?"

मला काय उत्तर देता येईल सांगा तुम्ही. तीस वर्षं मी बिघाड शोधत आलो. कुठली तार तुटली, कुठं काजळी बसली. या प्रश्नाचा बिघाड मला सापडला नाही.

गावाने माझा शब्द घेतला. एका परक्या, दाढीवाल्या रेडिओवाल्याचा शब्द छापील कागदापेक्षा वर ठेवला. मला वाटलं, मिटलं. तेवढ्यात दसरूभाऊ उठले.

"खाल्ला नाई. दाताले नाई लागला," ते म्हणाले. "पन मिशीले लागला."

कोणी पाहिलं नव्हतं. फोटोतही दिसत नव्हतं. न सांगता चाललं असतं. मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो, आणि ब्रह्मपुरीच्या त्या हॉलमधल्या टाळ्या आठवून माझे कान तापले.

मग दुपार होईस्तोवर खल चालला. मिशी तोंडात धरायची की तोंडाबाहेर? एक म्हणाला, ताडी पिताना मिशी भिजते, मग ती प्यायली म्हणायची का? दुसरा म्हणाला, याची मिशी एवढी मोठी आहे की अर्धी शेजारच्या गावात असते. हशा झाला, दसरूभाऊही हसले. पण हसण्याने कोणी विषय सोडला नाही. प्रत्येकाला बोलू दिलं, बायांना, पोरींना, ज्याला वेळ लागला त्यालाही. कोणी घड्याळ पाहिलं नाही. कोणाचं बोलणं कोणी लहान करून सांगितलं नाही. सरांनी आपली परदेशी पोरं इथं आणायला हवी होती. चर्चा काय असते ते फुकटात शिकली असती.

शेवटी ठरलं. दोष आहे, पण छोटा. एक कोंबडा द्यायचा आणि दसरूभाऊंनीच पंडुम करायचं. कोंबडा कोण देणार? म्हातारी म्हणाली, "ज्यानं हात धरला त्यानं."

"तो इथी कुठी हाय?" कोणीतरी म्हणालं.

"मी देतो," मी म्हटलं. "नेणारा मी होतो."

म्हातारीने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "हो, तू देजो. पुढच्या खेपेले चांगल्या जागी ने."

घोटवरून लाल कोंबडा आणला. त्यांच्या रीतीने त्यांनी तो दिला, मी लांब झाडाखाली बसून होतो. जेवायच्या वेळी सगळ्यांच्या पानात रस्सा वाढला. माझ्या पुढे वेगळ्या भांड्यात शिजवलेली डाळ आणि भात आला. मी काही सांगितलं नव्हतं. माझा धर्म कोणी पुस्तकात वाचला नव्हता. तीस वर्षांत मी काय खातो आणि काय खात नाही हे त्यांनी नुसतं पाहिलं होतं. "भाऊ, फक्त तोंडाजवळ ने," असं कोणी म्हटलं नाही.

शुक्रवारपर्यंत थांब म्हणाले. पण घरी सांगितलेल्या तीन दिवसांचे सहा झाले होते. गुरुवारी निघालो. चामोर्शीपर्यंतच्या जीपमध्ये एक बाई टोपलीभर कैऱ्या घेऊन बाजाराला चालली होती, दुसऱ्या कुठल्या गावची. वास आला की दात आंबले. मी खिडकीकडे तोंड केलं.

संध्याकाळी घरी पोचलो तर जोहराने पन्ह्याचा ग्लास पुढे केला. मडक्यातलं थंडगार, वर जिऱ्याची पूड. सहा दिवसांचा फुफाटा घशात होता.

"बाद में," मी म्हटलं.

"काहे? आँधी में से आये हो."

मी सगळं सांगितलं. माझा काही संबंध नाही, ना माझा देव, ना माझा सण, मला पिता आलं असतं. पण दसरूभाऊंच्या मिशीला लागलेल्या कैरीचा कोंबडा मी दिला होता, आणि त्यांच्या आधी ती माझ्या घशाखाली जाईना. जोहराने ग्लास उचलला, मला वाटलं रागावली. तिने तो शेजारच्या लेकरांना नेऊन दिला, आणि स्वतःही नाही प्याली.

तुम्ही तिकडे जाल तर जरूर जा. रस्ते आता बरे आहेत, माणसं फार बरी. एकच करा. कोणी नाही म्हटलं तर त्याचं भाषांतर करू नका. नाही म्हणजे नाही.

रविवारी स्टँडवरून निरोप आला, एका ड्रायव्हरने तुमच्यासाठी पिशवी ठेवली आहे. पळसाच्या पानांत गुंडाळलेल्या सहा कैऱ्या होत्या, आणि रेडिओचे दोन जुने सेल. सेल कशाला पाठवले ते मला कळलं. बदलून पाठव, म्हणजे पंडुम झालं, सगळं ठीक आहे, आता गाणी ऐकायची आहेत.

जोहराने कैरी कापली, मीठ-तिखट लावलं. पहिली फोड मी तोंडात टाकली. डोळे आपोआप मिटले, इतकी आंबट होती. फोटो काढायला कोणी नव्हतं.